आंबेटेंभ्याची लवचिक शाळा

बांबू वाकतो.

भिवपुरीच्या वीजघरात उतरणाऱ्या पाण्याला आपण कितवीत आहोत हे माहीत नसतं.

भिसेगावात मोबाइलला नवी काच बसवून घेताना माणसं श्वास रोखून उभी राहतात. (बुडबुडा राहू नये म्हणून.)

खोपोलीत रात्रपाळी करणारा माणूस सकाळी घरी येऊन भातच खातो.

या चार गोष्टींचा प्राथमिक शिक्षणाशी काहीच संबंध नाही, असं आपल्याला वाटेल. आपण ताठ शाळेत शिकलो, म्हणून तसं वाटतं. ताठ शाळा मोडते आणि लवचिक शाळा टिकते, हे आता सर्वमान्य आहे. आंबेटेंभ्याची शाळा ताठ होती. साडेदहाला भरायची, पाचला सुटायची, आणि मधल्या वेळात मुलं चक्क तिथेच सापडायची. हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं.

म्हणून टॅब आले. प्रत्येक मुलाने हवं तिथे, हवं तेव्हा, हव्या त्या वेगाने शिकावं, असं धोरण ठरलं. ते पहिल्याच आठवड्यात यशस्वी झालं. रुद्रने आंब्यावर बसून शिकायचं ठरवलं. गजाने परवा. पदूचा टॅब म्हशीमागे हिंडू लागल्यामुळे त्याचं शिक्षण म्हशीच्या वेगाने सुरू झालं. (गणितात म्हैस थोडी पुढे आहे.)

तिसरीतली जनी तर सगळ्यांच्या पुढे गेली. टॅबवर प्रत्येक वाक्याशेजारी कानाचं चित्र असे. त्यावर बोट ठेवलं की एक गोड आवाज ते वाक्य वाचून दाखवी. खाली चार उत्तरं, त्यांनाही कान. जनी चारही उत्तरं ऐके आणि बरोबर तेच दाबे. टॅबने शेरा दिला : वाचन अतिउत्तम.

शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका उज्ज्वलाबाई. त्यांना शंका घेण्याची जुनी खोड. त्यांनी टॅबचा आवाज बंद केला.

"बाई, ह्याचा घसा बसला," जनी म्हणाली.

"मग तू वाच की गं."

"मी कशाला? त्याला येतंय ना!"

तेव्हापासून बाई जनीला दुपारी पायरीवर बसवून खडूने एकेक अक्षर शिकवू लागल्या. (हा प्रकार कोणत्याही योजनेत बसत नाही.) जनीला तो आवडला. हात पांढरे होतात, टॅबने होत नाहीत, असं तिचं म्हणणं.

एवढ्यात वरून पत्र आलं. शाळेतली सर्व मुलं अतिउत्तम झाली असल्याने उद्दिष्ट पूर्ण झालं आहे. पूर्ण झालेल्या उद्दिष्टाला इमारत लागत नाही, शिक्षिकाही लागत नाही. सबब शाळा शनिवारी बंद, बाईंची बदली, अभिनंदन.

बाईंनी धावपळ करून तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांना तपासणीला बोलावलं आणि जनीला पुढे केलं.

"साहेब, हिला वाचता येत नाही."

स्वतःच्या वर्गाविषयी असं विधान एखाद्या शिक्षिकेने अभिमानाने केल्याचं तालुक्यात कुणाला आठवत नाही. साहेबांना वाईट वाटलं.

"बाई, पोरीसमोर असं बोलू नये. तिचा आत्मविश्वास बघा."

जनीने कान दाबला. उत्तर बरोबर.

"साहेब, टॅब ठेवा बाजूला. फळ्यावरचं वाचायला सांगा."

"फळ्याची तरतूदच राहिली नाही हो!"

दाराशी जनीचा बाप उभा होता. सहदेव. कारखान्यातून तसाच आला होता.

"साहेब, शाळा बंद करताय, पन आमाला कोनी इचारलंच नाय."

"विचारलं की," साहेब मायेने म्हणाले. त्यांनी सहदेवचाच मोबाइल घेऊन शाळेच्या अ‍ॅपमधल्या पालकांसाठीच्या अटी काढल्या आणि बोटाने बरंच खाली नेल्या. उद्दिष्ट पूर्ण होताच शाळा बंद करण्यास पालकाची संमती आहे. त्याखाली हिरवं बटण : सर्व अटी वाचल्या, मान्य. दाबलेलं.

"ते तर समदेच दाबतात!"

"म्हणून तर सगळ्यांची संमती आहे."

"सहदेव, तुम्हाला वाचता येतं ना?" बाईंनी विचारलं.

"दहावी पास हाय मी, बाई."

साहेबांनी शेरा लिहिला : पालक साक्षर, सहकार्य उत्तम. जनीने टाळ्या वाजवल्या, कारण टॅबनेही वाजवल्या होत्या.

शनिवारी कुलूप लागलं. इमारत वाया गेली नाही. बिघडलेले टॅब ठेवायला तालुक्याला जागा हवीच होती. आज मुलं इतकी लवचिक शिकतात की ती कधी शिकतात हे कुणाच्याही लक्षात येत नाही.

सहदेवला हसायला हरकत नाही. फक्त हसण्याआधी आपला मोबाइल काढा आणि आपण आजवर कशाकशाला मान्यता देऊन बसलो आहोत ते एकदा नीट वाचा. कंटाळा आला तर कान असेल, तो दाबा.

त्या शुक्रवारपर्यंत जनीला 'घर' आणि 'कमळ' वाचता येत होतं. वेलांटी सोमवारी शिकवायची होती.