सुकलाल नानांचं बिनगळतीचं कडं

सुकलाल नाना कोणाच्या घरी गेले की आधी भिंतींची विचारपूस करत, मग माणसांची. चपला दाराशी सोडायच्या, डाव्या कानात इयरफोन खुपसायचा आणि साबणाच्या डबीएवढं एक खोकं हातात धरून घरभर फिरायचं. त्या खोक्यात तारेचं वेटोळं होतं आणि एका मेलेल्या ट्रान्झिस्टरचे काही जिवंत अवयव. विजेच्या उपकरणातून चुंबकत्व बाहेर सांडत असेल तिथे इयरफोनात ‘घूं’ असा आवाज येई. फ्रिज, मीटर, पंख्याचा रेग्युलेटर असं सगळं हुंगून झालं की नाना निदान सांगत, “गळस. बठ्ठं गळस.” म्हणजे सगळंच गळतंय.

नवीन माणूस छपराकडे बघे.

पिंप्राळ्यात आमच्या मागच्या गल्लीत नानांचं मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून देण्याचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकातलं जळगाव. संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडे की दिवा लागलाय की नाही हे पाहायला मेणबत्ती न्यावी लागे. त्यामुळे घरोघरी स्टॅबिलायझर होते, ते दर चार महिन्यांनी जळत आणि नानांच्या दुकानात येत. अशा भरभराटीच्या धंद्यात माणूस गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. नाना ते जळकं खोकं उघडून गिऱ्हाइकाच्या अभिरुचीबद्दल बोलत.

त्यांचा राग चौकोनावर होता. बाजारातल्या स्टॅबिलायझरमध्ये जो ट्रान्सफॉर्मर असतो त्याचा गाभा म्हणजे लोखंडी पत्र्यांचे तुकडे जोडून केलेली चौकट. पाटाचं पाणी जसं वळणावर बांध फोडतं, तसं चुंबकाचं क्षेत्र त्या सांध्यांतून बाहेर पडतं, असं त्यांचं म्हणणं. “चुंबक चोर नही शे, सर. कोपरा चोर शे.” यावर उपाय म्हणजे कडं. लोखंडी पट्टी घट्ट गुंडाळून केलेलं, कुठेही सांधा नसलेलं गोल कडं. त्याच्याभोवती तार सगळीकडे सारखी गुंडाळली की क्षेत्र आतल्या आत गोल फिरत राहतं, बाहेर गुंजभर येत नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, त्यामुळे गोल फिरून तिथेच येणाऱ्या गोष्टींचा मला अनुभव होता. पण चुंबकाबद्दल शंका होती. म्हणून पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, नानांचं बरोबर आहे. पंचाईत झाली. बडबड्या माणसाचं बरोबर असणं हा शेजाऱ्यांवर अन्याय असतो.

हा सिद्धांत नाना कशालाही लावत. एरंडोलच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मांडवातला अँप्लिफायर उचलून माइकपासून आठ हात लांब नेऊन ठेवला. घुरघुर थांबली, हे खरं. मंगलाष्टकंही थांबली, कारण मधली वायर तुटली. वधूपित्याने काय म्हटलं ते माइक बंद असूनही सर्वांना ऐकू गेलं. नगरपालिकेत कोपरे फार, सोसायटीत सांधे फार, असं त्यांचं राजकीय चिंतन असे. शेवट ठरलेला. “घरबी कडासारखं पाहिजे, सर. आतलं आतच.”

त्यांच्या घरातलं मात्र एकदा बाहेर गेलं होतं. एकुलत्या एका मुलीने, मंगलने, धुळ्याच्या परजातीच्या मुलाशी आपल्या पसंतीने लग्न केलं. नानांनी नशिराबादेत सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर केलं की, मी या पोरीशी जन्मात एक अक्षर बोलणार नाही. तीन वर्षं त्यांनी ते पाळलं. आपल्याकडे माणसं पूल पडू देतात, शब्द पडू देत नाहीत.

नानांच्या पत्नी, अक्का, यांनी काही जाहीर केलेलं नव्हतं. दोन्ही गल्ल्यांत मिळून फोन फक्त आमच्याकडे. दर रविवारी चार वाजता मंगल धुळ्याहून फोन करी आणि अक्का पावणेचारलाच येऊन खुर्चीत बसत. सोबत नाना असत. ते फोनसाठी येत नसत, हे ते दारातच सांगत. ते आमचा स्टॅबिलायझर तपासायला येत. गेल्या रविवारी तपासलेलाच. अबोला धरलेला माणूस बरोबर चार वाजता फोनशेजारी कसा, असं मी कधी विचारलं नाही. तहाचं प्रत्येक कलम उकरू नये, एवढं इतिहास शिकवून कळतं.

पण ते नुसतं तपासून थांबेनात. फोनच्या तिवईखालीच आमचा स्टॅबिलायझर होता आणि तो भयंकर गळतोय, तो बदलाच, असा त्यांनी धोशा लावला. माझा टीव्ही व्यवस्थित चालू होता. मी म्हटलं, हवं तर पलीकडच्या भिंतीला सरकवतो. जागा बदलून स्वभाव बदलत नसतो, असं मला ऐकवण्यात आलं. तीन-चार रविवार हेच. शेवटी अक्काच हळूच म्हणाल्या, “बदलू द्या ना सर, त्यासले.” मी हो म्हटलं.

नाना महिनाभर नव्या स्टॅबिलायझरच्या कड्याला लागले. कडं बंद असल्यामुळे त्यावर तार गुंडाळायला यंत्र चालत नाही. धोट्याला तार लपेटायची आणि तो धोटा प्रत्येक वेढ्याला कड्याच्या भोकातून आरपार काढायचा. शेकडो वेळा. एक वेढा चुकला की मोजणी पहिल्यापासून. त्या दिवसांत मी दुकानावरून जाताना तब्येत विचारली तर उत्तर मिळालं, “चारशे बारा.” दुपारी परत आलो तेव्हा ते एकशे सातवर होते. मी खाली मान घालून पुढे गेलो.

एका रविवारी नाना आले आणि नवा स्टॅबिलायझर तिवईखाली बसला. चारला फोन वाजला. अक्कांनी उचलला. त्यांची पाठ आमच्याकडे. नाना त्यांच्या मागे इयरफोन लावून उभे राहिले, खोकं रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर धरलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागले. मी म्हटलं, आता काय गळतंय? त्यांनी हातानेच गप्प केलं. थोड्या वेळाने इयरफोन काढून ते एका हातानेच चष्मा पुसायला लागले, दुसऱ्या हातातलं खोकं होतं तिथेच ठेवून. फार वेळ पुसत होते. एवढ्या जाहिरातीनंतर ‘घूं’ खरंच बंद झालंय का, ते पकडावं म्हणून मी तो उचलून कानाला लावला.

घूं नव्हतं. बारीक, पण स्वच्छ आवाजात मंगल आपल्या बाळाचं सांगत होती, “बारकाले दोन दात उनात, आई. चावस सगळास्ले.” आणि मग, “नाना बरा शेतस ना?”

फोनच्या रिसीव्हरमध्येही चुंबक असतं आणि तेही गळतं, बोलण्यासकट. इतके रविवार आमच्या स्टॅबिलायझरने त्याच्यावर घुरघुर केली होती, एवढंच.

मी इयरफोन परत दिला. नानांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “एक अक्षर बोलनू नही मी, सर.”

मी म्हटलं, नाहीच बोललात.

ते पुन्हा कॅलेंडरकडे वळले. इकडे अक्कांच्या कानांची गल्लीत दहशत होती. तिसऱ्या घरातली सून काय पुटपुटली ते त्यांना आपल्या ओट्यावर कळे. त्या अक्का फोनमध्ये म्हणत होत्या, “ऐकू नही उनं व, माय. दातनं परत सांग. सावकाश सांग.”

आणि त्यांनी रिसीव्हर कानापासून चार बोटं दूर, मागे नानांच्या बाजूला कलता धरला होता.