खळ लावलेली बदामराणी

सिद्रामप्पाच्या तळहातातून बदामराणी एकविसाव्यांदा जमिनीवर पडली, तेव्हा चुलीपुढं बसलेली त्याची बायको जगदेवी मागं वळूनही न बघता म्हणाली, "पडली."

"पत्त्याचा आवाज येत न्हाय, तुला कसं कळलं?"

"तुमी सुस्कारा टाकता की."

गड्ड्याच्या जत्रेत जादूगारानं हातातला पत्ता नाहीसा केला, तेव्हापासून चार महिने सिद्रामप्पाचं हातमागावर लक्ष नव्हतं. पत्ता तळहातात दाबायचा, बोटं सैल सोडायची आणि हात रिकामा भासवायचा, एवढंच तर होतं. पण सोलापूरचा उन्हाळा आणि हाताचा घाम दोघेही त्याच्या वाईटावर होते. त्यात कुणीतरी दुधनीला, सासरवाडीत, चुगली केली, की जावई पत्ते खेळतो. पत्ते म्हणजे जुगार, याखेरीज सासऱ्यांना, म्हणजे सोमलिंगअप्पांना, दुसरं काही माहीत नव्हतं. पोरीला कायमची घेऊन जातो, असा त्यांचा निरोप आला आणि पाठोपाठ दुपारच्या गाडीनं तेही आले.

पाण्यालासुद्धा हात न लावता ते म्हणाले, "कुटं हाईत पत्ते?"

"मामा, ह्यो जुगार न्हाय, जादू हाय. बघा, राणी गायब!"

राणी मामांच्या मांडीवर पडली. दुसऱ्यांदा ती तांब्यात पडली. तिसऱ्यांदा तर नीट धरायच्या आधीच निसटली. सिद्रामप्पाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण सोमलिंगअप्पांचा चेहरा मात्र हळूहळू निवळत गेला.

"अय्यो, ह्यो कसला जुगारी? ह्याला पत्ता धरायबी येत न्हाय! लोकं उगंच बोलत्यात. जगदेवी, दुसरं पाणी आण."

जगदेवी पदरात तोंड लपवून हसली. शहाण्या माणसानं इथंच थांबायचं. पण बायकोदेखत झालेलं ते कौतुक सिद्रामप्पाच्या जिव्हारी लागलं. मागाच्या सुतासाठी जगदेवीनं सकाळीच पिठाची चिकट खळ शिजवून ठेवली होती. जी शेकडो धाग्यांना धरून ठेवते, ती एका राणीला धरणार नाही? त्यानं हळूच बोट बुडवलं, तळहाताला चोळलं आणि पत्ता दाबला.

राणी गेली! सोमलिंगअप्पांनी चटई उचलून पाहिली, जावयाची बाही चाचपली. मग ते ताठ उभे राहिले.

"असा साफ हात सराईताचाच असतो. मगाशी पाडून दावलं, त्ये सोंग! जगदेवी, लुगडी बांध."

"मामा, न्हाय! देवाशप्पत मला येत न्हाय! थांबा, आत्ता पडंल बघा!"

तो जीव खाऊन हात झटकू लागला. "मलाबी फसवलंसा?" म्हणत जगदेवीनं डोळ्यांना पदर लावला. सिद्रामप्पानं सिद्धेश्वराला नवस केला, हात खांबावर आपटला. पण राणी काही पडेना.