सातव्या पायरीवरचं निरीक्षण

"मॅडम, माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही," असं अंबादास हुपरीकर छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि तिथंच सगळं बिनसलं. माणसानं असलं बोलूच नये. बोलायचंच असेल तर दार लावून, पंखा मोठा करून बोलावं. नशिबाचे कान फार तिखट असतात.

अंबादास तसा गुणी माणूस. वय एकतीस, राहणार मंगळवार पेठ, घरात तो आणि त्याची आई, माई. खोटं बोलणं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकच खोट, की तो जागेपणी स्वप्नं बघायचा. दुधाकडे लक्ष ठेव म्हटलं की गॅससमोर उभा राहायचा, डोळे दुधावरच असायचे, आणि दूध त्याच्या डोळ्यांदेखत उतू जायचं. "अंबू, तू नक्की कुठं असतोस रे?" असं माई विचारायच्या. तो मनातल्या मनात एखाद्या व्यासपीठावर असायचा आणि समोर टाळ्या चाललेल्या असायच्या.

अशा माणसाला राजारामपुरीतल्या एका संस्थेनं निरीक्षक नेमलं होतं. नवी आरोग्यसेवा निघते तेव्हा कागदावर ती झकासच असते. गावात ती खरंच पोचते का, पोचली तर ठरल्याप्रमाणे चालते का, लोकांना तिचा गुण येतो का, हे जाऊन मोजायचं, असं ते काम. नोकरी तात्पुरती होती. "हे काम चोख केलंत तर कायम करू," असं अदिती मॅडमनी सांगितलं होतं. त्या संस्थेच्या प्रमुख, आणि वायफळ बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

सेवा अशी होती. मुरगूडच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावाला माझा पत्ता माहीत आहे. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात दर गुरुवारी दुपारी दोनला 'निवांत तास' भरायचा. रक्तदाब वाढलेल्या चौदा बायका यायच्या. आधी सगळ्यांचं बीपी मोजायचं, मग सतरंजीवर आडवं व्हायचं, आणि उपकेंद्राच्या नर्स अनुजाबाई मंद आवाजात सूचना द्यायच्या. सूचनांच्या बरोबर बावीस पायऱ्या. शेवटी परत बीपी मोजायचं. तीन महिन्यांचा प्रयोग होता. नीट चालला आणि बीपी उतरलं तर सेवा कायम राहणार, नाहीतर सतरंज्या, मशीन आणि तो तास, सगळं दुसऱ्या गावाला जाणार. अंबादासनं त्या तीन महिन्यांत अधूनमधून चार गुरुवार तिथं हजर राहून बावीस पायऱ्यांपुढं बावीस खुणा करायच्या, एवढंच.

पहिल्या गुरुवारी तो पहाटे पाचला उठला. मुरगूडपर्यंत एसटी, पुढं माणसं खच्चून भरेपर्यंत न हलणारी वडापची जीप, पुढं उसाच्या कडेनं दीड किलोमीटर चाल. उपकेंद्राच्या दारात पोचला तेव्हा एक वाजला होता. तिथं चौदा बायकांपैकी एक, धोंडुबाई, उभ्या होत्या. साठीच्या, ठसठशीत कुंकू, आवाज असा की नदीच्या पलीकडच्या काठावरच्या म्हशीनं मान वर करावी.

"पावणं, कोल्हापूरचं न्हवं तुम्ही? चला जेवायला."

"नको हो मावशी, मी कामावर आलोय. नियमात बसत नाही."

"नियमात न्हाय बसत तर पाटावर बसा की! आमच्या गावातनं पावणा उपाशी गेला तर तोंड कुठं दाखवू?"

गरम भाकरी, वांग्याचं भरीत, वर तांब्याभर ताक. एक भाकरी म्हणता म्हणता तिसरी ताटात पडली. जेवता जेवता अंबादासनं प्रश्न विचारून घेतला, कारण तो तपासणीच्या फॉर्मात होता: ही सेवा तुम्हाला आवडते का?

धोंडुबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पावणं, दिस उगावल्यापासनं मला कुणी ना कुणी हाक मारतंय. मालक मारतंय, सून मारतीया, म्हस सुदीक मारतीया. त्या सतरंजीवर पडलं की अर्धा तास कुणी हाक मारत न्हाय. आवडतं का म्हंजे काय विचारता?"

अंबादासला गलबलून आलं. ही सेवा इथंच राहिली पाहिजे, आपण डोळ्यांत तेल घालून तिची नोंद करायची, असं त्यानं ताकाचा शेवटचा घोट घेताना ठरवलं.

उपकेंद्रात खुर्ची एकच, आणि तिच्यावर बीपीचं मशीन. त्यामुळं निरीक्षकाला कोपऱ्यात खिडकीपाशी सतरंजी मिळाली. टेकायला धोंडुबाईंनी घरातली वाकळ आणून दिली. वाकळ जुन्या लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. खिडकीतून उसावरचा वारा येत होता. उन्हात सगळं शिवार संथ हलत होतं, लांब कुठंतरी पाण्याची मोटर एका सुरात चालली होती.

अनुजाबाईंनी सुरुवात केली. "डोळे मिटा. श्वास आत घ्या. सावकाश सोडा." अंबादासनं खूण केली. "कपाळ सैल सोडा. आता हात." खूण. "तुम्ही वेदगंगेच्या काठावर पडला आहात. पाणी हळू हळू चाललंय." खूण. पाणी अंबादासलाही दिसायला लागलं. हिरवट, गार, त्यावर एक पान तरंगत चाललेलं. सातवी पायरी आली. "आता तुम्हाला कुणीही हाक मारणार नाही," असं अनुजाबाई म्हणाल्या, आणि ते पान अंबादासला घेऊन निघालं. नदी थेट एका सभागृहात शिरली. सगळे लोक गुडघाभर पाण्यात निवांत बसलेले. मॅडम त्याला फेटा बांधत होत्या, फेट्याचं कापड संपतच नव्हतं, आणि कुणाला घाईही नव्हती.

"...आणि आता सावकाश डोळे उघडा."

अंबादासनं उघडले. चौदा बायका शिस्तीत आडव्या होत्या, डोळे मिटून. एकेक हळूच उठून बसली. सगळं कसं शांत, छान! बाविसावी पायरी तर त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. सातवीही ऐकली होती. मधल्या चौदा पायऱ्या अनुजाबाईंनी काय, गाळल्या असतील? एवढी सज्जन बाई! शिवाय आपले फक्त डोळे मिटले होते, कान उघडेच होते, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि सगळ्या खुणा करून टाकल्या. मग बीपीचे आकडे उतरवून घेतले. ते बघायचे नव्हते, फक्त उतरवायचे होते.

दुसऱ्या फेरीला तो चहा पिऊन गेला. धोंडुबाईंनी त्यावर पिठलं-भाकरी घातली. सातवी पायरी. पान. नदी. तिसऱ्या फेरीला त्यानं खिशात हिरव्या मिरच्या नेल्या. चौथ्या पायरीला एक चावली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला त्यानं डोळे मिटले ते मिटलेच.

तिसऱ्या फेरीनंतरच्या सोमवारी अदिती मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक तक्ता होता.

"अंबादास, बसा. हे उपकेंद्र अवघड दिसतंय. तुम्ही हजर होता त्या तिन्ही दिवशी बीपी तासानंतर वाढलंय. सगळ्यांचं, आणि चांगलं दहा-बारानं."

"वाढलंय?"

"हो. आणि तुम्ही नव्हता त्या प्रत्येक गुरुवारी ते छान उतरलंय. आता याचा अर्थ काय लावायचा?"

अंबादासनं तक्ता स्वतःकडे वळवून घेतला.

"पायऱ्या सगळ्या बरोबर झाल्यात, हे तुम्हीच लिहिलंय. बावीसपैकी बावीस, तिन्ही वेळा. म्हणजे सेवा चोख दिली आणि तरीही बीपी वाढलं. मग तुमच्या गैरहजेरीत उतरतं कसं? तुम्ही नसताना ती अनुजाबाई मनाचे आकडे लिहितेय. दुसरा काय अर्थ निघतो?" मॅडमनी चष्मा काढला. "तुमची एक फेरी राहिलीय ती करा. त्यानंतर मला वर कळवावं लागेल. सेवा तिथून जाईलच, पण त्या बाईंची चौकशीही होईल. तुमचं काम मात्र चोख आहे. कायमचा कागद मी तयार ठेवलाय."

अंबादास बाहेर आला. ज्याची इतके दिवस स्वप्नं बघितली तो कागद तयार होता, आणि आता तोच त्याला नकोसा झाला होता. अनुजाबाई खोटं लिहितील? पटत नव्हतं. पण मधल्या चौदा पायऱ्यांत काय होतं हे जगात एकच माणूस सांगू शकला असता, आणि तो नेमका त्या वेळी नदीत होता.

चौथ्या गुरुवारी तो जेवायला नाही म्हणाला. धोंडुबाईंचा चेहरा इतका पडला की दोन भाकऱ्या खाव्याच लागल्या. पण या वेळी त्यानं सतरंजीवर टेकण्यापूर्वी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला, सगळ्यांना तसं रीतसर सांगितलं आणि खिडकीत ठेवला. बायकांनी माना डोलावल्या. मोबाईल काय ऐकणार आणि काय नाही, याचा त्यांनी फार विचार केला नसावा. पुढचं सांगायला नकोच. सातवी पायरी आली, आणि कुणी हाक मारली नाही.

संध्याकाळच्या आत मुरगूड स्टँडवर येऊन, बाकावर बसून, त्यानं कानात इअरफोन घातले.

आधी अनुजाबाईंचा आवाज. एक ते सात, स्वच्छ. मग एक घर्रर्र असा आवाज. अंबादासला वाटलं मोबाईल बिघडला. मग धोंडुबाईंची कुजबुज ऐकू आली. त्यांची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं.

"बाई, थांबा. पावणं झोपल्यात."

"झोपू देत हो मावशी. आपण आठवी पायरी घेऊ."

"आठवी कशी घेता? त्येंच्या कानाशी बोलत बसायचं? पयल्या डावाला ज्ञानूचा टॅक्टर वाजला तर कसं दचाकलं बिचारं. सकाळधरनं चालत आलंय, आईबापाचं लेकरू."

"व्हय बाई," दुसरा आवाज म्हणाला. हा चौदा जणींतल्या आक्कांचा. "पावण्याला झोपंतनं उठवलं तर पाप लागतंय."

"अहो, पण ते निरीक्षक आहेत," अनुजाबाई काकुळतीनं म्हणाल्या. "आपली सेवा बघायला आलेत."

"मग बघतील की उठल्यावर."

त्यानंतर वीस मिनिटं बावीसपैकी एकही पायरी झाली नाही. जे झालं ते आवाजांवरून आणि कुजबुजीवरून कळलं, ते असं. चौदाच्या चौदा बायका उठून बसल्या. एकीनं पदरानं निरीक्षकावरच्या माश्या वारल्या. दोघी पळत दाराबाहेर गेल्या, आणि लांबून आवाज आला, "ए ज्ञान्या, बंद कर ते इंजन! आत पावणं झोपल्यात!" कोंबड्या हाकलल्या गेल्या. भाजीवाल्याचा भोंगा मधेच गप्प झाला. आक्कांना खोकल्याची ढास लागली, तर त्यांनी तोंडात पदर कोंबून ती दाबून धरली. "आक्का, जांभळ्या पडलासा की वो," असं कुणीतरी घाबरून म्हणालं. मग घड्याळाकडे बघून झालं.

"उठवा की आता, बाई."

"मी नाही हो. तुम्ही उठवा."

"मी? मी न्हाय."

"मी शेवटची पायरी मोठ्यानं म्हणते. आपोआप उठतील."

"थांबा, थांबा!" धोंडुबाई म्हणाल्या. "आपण बसल्यालं बघून पावण्याला कसं वाटंल? एकटा मीच झोपलो असं न्हाय व्हय वाटायचं त्येंना? पडा गं सगळ्या! पटापटा पडा!"

धडपड, बांगड्यांचा आवाज, "माझा पाय, माझा पाय", आणि मग अनुजाबाईंचा तो शांत, नदीसारखा स्वर: "आणि आता सावकाश डोळे उघडा."

लगेच बीपी मोजलं गेलं होतं. वाढेल नाहीतर काय होईल!

कोल्हापूरची एसटी लागली आणि अंबादास खिडकीशी बसला. बाहेर ऊस हलत होता. त्याला पेंग आली नाही. गावानं त्याची लाज राखायला स्वतःचा तास दिला होता, चार वेळा, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि त्यानं न बघितलेल्या खुणा करून त्यांचाच तास मोडीत काढला होता. कायमचा कागद तेवढा त्याच्या नावावर तयार होता. गाडी निढोरीच्या पुढं जाईपर्यंत त्याला रडू येत होतं, आणि आक्कांची ढास आठवली की हसूही येत होतं. शेजारचा माणूस थोडा सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमपुढं मोबाईल ठेवला. "मॅडम, बाईंचे आकडे खरे आहेत. खोटं मी लिहिलंय. आधी हे ऐका, मग काय ती शिक्षा द्या."

मॅडमनी सगळं ऐकलं. घोरणं सुरू झालं तेव्हा त्यांनी अंबादासकडे बघितलं, आक्का जांभळ्या झाल्या तेव्हा त्या खिडकीकडे वळल्या आणि त्यांचे खांदे जरा हलले. संपल्यावर त्यांनी मोबाईल त्याच्याकडे सरकवला. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, त्याच्या कायमच्या नोकरीचा कागद काढला आणि सरळ उभा फाडला. अंबादासनं मान खाली घातली.

"तुमच्या भेटींचे चारही दिवस हिशेबातून काढू," त्या म्हणाल्या. "उरलेल्या दिवसांचे आकडे उत्तम आहेत. सेवा तिथंच राहील, बाईंना काही होणार नाही. आता तुमचा अहवाल नीट भरा. शेवटचा रकाना कोरा आहे."

अंबादासनं बघितलं. रकाना होता 'सेवा नीट चालण्यातले अडथळे'. त्याखाली तीन ओळी. त्यानं पेन उघडलं आणि या वेळी खरोखर डोळे उघडे ठेवून लिहिलं.

अडथळा: श्री. अंबादास हुपरीकर.
स्वरूप: घोरणे.
उपाय: पुन्हा पाठवू नये.

मॅडमनी ते वाचलं, खाली सही केली आणि कागद परत दिला.

"बघा," त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांत हे एक निरीक्षण अचूक आलं."