बटणाएवढा निवडुंग

गिऱ्हाइकाच्या आधी निवडुंगाचं माप घेणारा शिंपी आमच्या शेवगावात एकच, रशीदभाई. सकाळी दुकान उघडलं की गळ्यातली टेप काढायची, खिडकीतल्या कपात वाढणाऱ्या त्या कोटाच्या बटणाएवढ्या गोळ्याभोवती फिरवायची आणि मापाच्या वहीत आकडा लिहायचा. त्याच पानावर खाली ब्लाउजांची मापं. व्हायचं ते झालंच. एका बाईंची बाही निवडुंगाच्या मापाची शिवली गेली, बोटंसुद्धा आत जाईनात.

"टेप खोटं बोलत न्हाई," रशीदभाई शांतपणे म्हणाले. "ओळ चुकली."

माझं मॅचिंग सेंटर शेजारीच, त्यामुळे निवडुंगपुराण मला तोंडपाठ आहे. "ताई, ह्यो फ्रायलिया. दक्षिण अमेरिकेचा. पानी लई झालं की मेला!" पाणी तोडलं तर हा मातीत अंग चोरून बसतो. एकदा मी तो वाळला समजून कप विसळायला घेतला, तर रशीदभाईंनी दोन दिवस अबोला धरला.

याची खरी खोड वेगळीच. कळ्या धरतो, पण फुलत नाही. मिटल्या कळीतच बी धरून मोकळा होतो. फुललाच तर कडक उन्हात, भर दुपारी, तास-दोन तास. म्हणून कळी आली की रशीदभाई बाजाराच्या दिवशीही मशीन थांबवून खिडकीशी बसतात.

हा निवडुंग त्यांच्या नसीमने सासरी कोल्हापूरला जाताना दिला. एरवी तिचा फोन सणासुदीला. कळी आली की मात्र रोज दुपारी, "अब्बा, उमललं का?" भाभी गेल्यापासून घरात रशीदभाई एकटेच.

परवा दुपारी फूल उमललं! पिवळंधमक, गोळ्यापेक्षा मोठं. मी दुकान टाकून धावले. तेवढ्यात फोन वाजला.

"न्हाई बेटा," फुलाकडे बघत रशीदभाई म्हणाले, "अजून मिटलेलंच हाय."

मला खोटं खपत नाही. फोन ठेवल्यावर मी तडकले, "अहो, डोळ्यांदेखत थाप मारता?"

ते टेप गुंडाळत राहिले. "मागल्या साली बी उमललं हुतं, ताई. उमललं म्हनून सांगितलं, तर उद्या कशाला फोन करंल ती?"

मी दुकानात परतले.

काल दुपारी ते एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. फोन वाजला, मीच उचलला.

"नसीम, अजून कळीच आहे गं," मी म्हणाले. "उद्या विचार."