सही जुळत नाही

पत्र आलं तेव्हा ताईंच्या अंगात एकशे दोन ताप होता. त्यामुळे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला तापात काहीतरी भलतंच दिसतंय. मग भावानं मोठ्यानं वाचून दाखवलं. अपंगत्व भत्त्याची फेरपडताळणी. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, तिसरा मजला, व्यक्तिशः हजर राहावे. गैरहजर राहिल्यास भत्ता बंद करण्यात येईल.

"आज कोण वार?" ताईंनी विचारलं. घसा इतका बसला होता की आवाज दाराच्या फटीतून आल्यासारखा येत होता.

"बुधवार," भाऊ म्हणाला आणि खुर्चीत बसला.

ताईंनी बत्तीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काढली होती. फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायचे, पाठीला गोंद लावायचा, कडा कापायच्या. सहा वर्षांपूर्वी संधिवातानं आधी बोटं धरली, मग मनगटं, मग गुडघे. काम सुटलं आणि भत्ता सुरू झाला. धाकटा भाऊ बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर तो ताईंकडेच राहायला आला. बरण्यांची झाकणं उघडणं, कपडे पिळणं, ताईंच्या स्वेटरची बटणं लावणं ही त्याची कामं. घर चालत होतं ते त्या भत्त्यावर आणि कंडक्टरच्या पेन्शनवर, आणि यातलं एक चाक निखळलं असतं तर गाडी कुठवर गेली असती हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून दोघंही त्याबद्दल कधी बोलत नसत.

भावानं कार्यालयात फोन लावला. बराच वेळ फोनमध्ये नुसती बासरी वाजली, मग एक माणूस बोलला.

"उद्याची तारीख पुढे ढकलायची होती," भाऊ म्हणाला. "बहीण आजारी आहे."

"आजारी आहेत म्हणूनच तर बोलावलंय."

"तो आजार वेगळा. हा ताप आहे."

"तापासाठी दाखला लागतो. मुलाखतीच्या दोन दिवस आधी."

"ताप काल चढला हो. तो काही दोन दिवस आधी कळवून येत नाही."

"मग या," माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

बातमी ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू धीर द्यायला खाली आल्या. त्यांच्या जावेच्या भावाला असंच बोलावलं होतं. "तुम्ही बस थांब्यावरून कशा चालत येता ते खिडकीतून बघतात म्हणे," काकू म्हणाल्या. "खुर्ची मुद्दाम बुटकी ठेवतात. बोलता बोलता पेन खाली टाकतात. वाकून उचललंत की संपलं."

"त्याचं काय झालं?" भावानं विचारलं.

"त्यानं उचललं," काकू म्हणाल्या. एवढा धीर देऊन त्या वर गेल्या.

संध्याकाळी ताईंची छाती घरघरायला लागली, तेव्हा भाऊ त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसला होता. त्यानं छाती तपासली, घसा पाहिला, एक इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या.

"उद्या अकराला मला एका ठिकाणी जायचंय," ताई कशाबशा म्हणाल्या.

"जाल की. बघा, उद्या ताड्‌कन उभ्या राहाल."

डॉक्टर शब्दाचा पक्का निघाला.

गुरुवारी सकाळी भाऊ उठून स्वयंपाकघरात आला, तर ओट्यापाशी ताई चहा करत उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नव्हत्या, टाचा उचलून वरच्या फळीवरून साखरेची बरणी काढत होत्या. त्यांनी बरणी खाली ठेवली, झाकण फिरवलं, साखर घातली, झाकण लावलं. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं आणि दोघं त्या बरणीकडे बघत राहिले.

"झाकण कोणी उघडलं?" भावानं विचारलं.

"मी," ताई म्हणाल्या. त्यांनी हाताची मूठ वळली, उघडली. बोटं सरळ झाली. सहा वर्षांत पहिल्यांदा करंगळीही सरळ झाली. ताप होता, डोकं ठणकत होतं, आवाज नव्हता, आणि तरी हसू गालावर यायला लागलं होतं. तेवढ्यात त्यांना घड्याळ दिसलं आणि ते हसू जागच्या जागी गोठलं.

"आज?" भाऊ म्हणाला. "सहा वर्षांत नेमकं आजच?"

त्यानं दवाखान्यात फोन केला. डॉक्टर घाईत होता, पण त्यानं समजावलं. छातीसाठी दिलेल्या स्टेरॉइडनं सांध्यांची सूजही उतरते. पण ते तात्पुरतं. तीन-चार दिवसांनी सगळं पूर्वीसारखं होईल, कदाचित थोडं जास्तच दुखेल.

"अकरापर्यंत दुखायला लागेल असं काही मिळेल का?"

"अहो, मी डॉक्टर आहे."

"मग निदान चिठ्ठी तरी द्या."

"दवाखाना पाचला उघडतो. मी दुसरीकडे निघालोय."

ताई कोट घालून बसल्या होत्या. बटणं लावलेली होती. भावानं ती पाहिली, पुढे होऊन वरची दोन काढली, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन पुन्हा लावली.

"हे बघ ताई, तू एरवी चालतेस तशी चाल, म्हणजे झालं."

ताई उठल्या. दोन पावलं टाकून थांबल्या. "कशी चालते मी?"

खरंच त्यांना आठवेना. सहा वर्षं त्या चालल्या नव्हत्या, दुखणं त्यांना चालवत होतं. मग भावानं चालून दाखवलं. एक खांदा किंचित खाली, उजवा पाय आधी चाचपून मग टेकायचा, हात भिंतीच्या बाजूला अर्धवट उचललेला, आणि वळताना आधी मान, मग कंबर. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो तसा गेला. ताई बघत राहिल्या. याला इतकं बारीक दिसत होतं तर.

"मी नाही असं खोटं चालणार," त्या म्हणाल्या.

पण बसमधून उतरल्यावर ताईंना समोर ती इमारत दिसली. रस्त्याकडे तोंड करून कितीतरी खिडक्या होत्या आणि प्रत्येकीत कोणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं. पाय आपोआप लंगडायला लागला. लिफ्ट बंद होती. पहिल्या जिन्यावर उजवा पाय लंगडला, दुसऱ्यावर घाबरून डावा.

"एकच पाय धर," भाऊ मागून कुजबुजला.

"कोणता धरू?"

"आता काय सांगू? दोन्ही नीट चालतायत."

तिसऱ्या मजल्यावर बाकडी होती आणि भिंतीवर पाटी होती: येथे कॅमेरे बसवलेले आहेत. ताई बसल्या. आता थंडी वाजत होती आणि कोटाच्या आत घामही फुटत होता. भत्ता गेला तर आधी काय बंद करायचं याची यादी त्यांनी मनात सुरू केली होती. औषधांपाशी आल्यावर ती थांबली, कारण औषधं बंद केली तर पुढे काही लिहायची गरजच नव्हती.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ फाइल छातीशी धरून बसले होते. नंबर पुकारला गेला तसे ते दचकून उठले, फाइल सुटली आणि पन्नासेक कागद फरशीभर पसरले. काय झालं ते ताईंना नंतरही नीट सांगता आलं नाही. कागद पडलेले दिसले आणि बत्तीस वर्षांची सवय उठली. त्या गुडघ्यावर बसल्या, भराभर कागद गोळा केले, उलटे होते ते सुलटे केले, गठ्ठा फरशीवर दोनदा लांबीनं, दोनदा रुंदीनं आपटून कडा एकसारख्या केल्या आणि गृहस्थांच्या हातात दिला. मग त्यांनी वर पाहिलं.

दारात एक अधिकारी बाई उभ्या होत्या.

"तुमचा नंबर पुढचा ना? आत या," बाई म्हणाल्या.

भावाचा चेहरा पांढरा पडला होता. पेन टाकायचीसुद्धा गरज उरली नव्हती.

खोलीत खुर्ची साधीच होती. बाईंनी फाइल उघडली, चष्मा पुसला आणि छापील प्रश्न वाचायला लागल्या.

"बटणं स्वतः लावता का?"

"आज लावली."

"बरणीचं झाकण उघडता येतं?"

"आज उघडलं."

"मॅडम, आजचं धरू नका," भाऊ म्हणाला.

"मला आजचंच धरावं लागतं."

तेव्हा ताईंनी उरलासुरला आवाज गोळा केला आणि सगळं सांगितलं. ताप, छाती, इंजेक्शन, बरणी. जिन्यावर दोन्ही पायांनी लंगडले हेही सांगितलं. भावानं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्ही आजारी आहात म्हणून आज बऱ्या आहात," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि बऱ्या झालात की पुन्हा आजारी."

"हो. रविवार-सोमवारपर्यंत."

"चिठ्ठी आहे डॉक्टरांची?"

"दवाखाना पाचला उघडतो," भाऊ म्हणाला.

बाईंनी फॉर्म खालून वर, वरून खाली पाहिला. असल्या माणसासाठी त्यात चौकट नव्हती. त्यांनी उसासा टाकला आणि फॉर्म पुढे सरकवला. "आधी सही करा, मग बघू."

ताईंनी पेन धरलं. कितीतरी वर्षांनी ते बोटांत नीट बसलं. त्यांनी सही केली. गोलाईदार, तिरकी, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली, कारखान्याच्या हजेरीपटावर करत असत तशी. सही करून झाल्यावर त्या तिच्याकडे बघत राहिल्या, जशी जुनी मैत्रीण रस्त्यात भेटावी.

बाई मात्र फाइलमधल्या सहीकडे बघत होत्या. फाइलमध्ये सहा वर्षांच्या सह्या होत्या आणि प्रत्येक म्हणजे कोंबडीचे पाय.

"सही जुळत नाही," बाई म्हणाल्या.

"माझीच आहे."

"ती की ही?"

"दोन्ही."

बाईंनी फोटो पाहिला, ताईंकडे पाहिलं. "चेहरा तुमचाच आहे. पण चेहरा आणि सही दोन्ही जुळावी लागतात. नाहीतर भत्ता दुसरंच कोणी घेतंय असं होतं. पुन्हा करा बघू."

ताईंनी पुन्हा केली. ती आधीपेक्षाही देखणी आली. तिसऱ्यांदा मुद्दाम वाकडी करायचा प्रयत्न केला, तेव्हा ती तिसऱ्याच बाईची वाटायला लागली.

"राहू द्या," बाई घाईनं म्हणाल्या. "आता माझ्याकडे तीन झाल्या."

"मग आता?" भावानं विचारलं.

"ओळख पटली नाही, म्हणजे मुलाखत झाली असं मला लिहिता येत नाही."

"आणि झाली नाही तर?"

"गैरहजर."

गैरहजर म्हणजे काय ते पत्रात लिहिलेलं होतं. ताईंनी टेबलाची कड धरली. कड घट्ट पकडता येत होती, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःच्याच बोटांचा राग आला.

बाईंनी कपाटातून नियमांचं जाड बाड काढलं आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. पानं सुटलेली होती. ताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"हं," शेवटी बाई म्हणाल्या. "सही जुळत नसेल तर सात दिवसांच्या आत एकदा पुन्हा बोलावता येतं. सोमवारी या. चिठ्ठी आणा. आणि सही आणा."

"कुठली?" ताईंनी विचारलं.

"फाइलमधली."

ते चार दिवस कसे गेले हे भावालाच माहीत. त्याच संध्याकाळी चिठ्ठी मिळाली, पण हात काही बिघडेनात. शुक्रवारी त्यानं दिवसातून पाच वेळा विचारलं, "दुखतंय का?" ताई म्हणायच्या, "नाही रे," आणि दोघंही उदास व्हायचे. शनिवारी पडदे लावून घेतले, कारण खिडकीतून कोणी पाहील. रविवारी ताप उतरला आणि घसा सुटला. दुपारी ताईंच्या हातून वाटी निसटून पडली आणि भाऊ बाहेरच्या खोलीतून धावत आला.

"आलं?"

"येतंय," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं आहे हे भावानं विचारलं नाही. त्यानं वाटी उचलली आणि खूप वेळ धूत बसला.

सोमवारी तीन जिने चढायला पाऊण तास लागला आणि पाय एकच लंगडला. ताईंनी पेन मुठीत धरून सही केली. अधिकारी बाईंनी ती जुन्या सह्यांशेजारी ठेवली.

"जुळली," बाई म्हणाल्या. भावानं सुस्कारा सोडला. बाईंनी चिठ्ठी टाचली, शिक्का मारला. "तीन वर्षं भत्ता चालू राहील. 'स्थितीत सुधारणा: नाही' असं लिहिते."

"चार दिवस होती," ताई म्हणाल्या.

भावानं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. दुखरा पाय होता. ताई कळवळल्या, पण गप्प बसल्या नाहीत. "नव्हती असं कसं म्हणू? होती."

बाईंनी "नाही" लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं, फाइल मिटली, ती बाजूला ठेवली आणि मग विचारलं, "काय केलंत त्या चार दिवसांत?"

गेले चार दिवस ताई याच प्रश्नाला भीत होत्या. पण विचारणाऱ्या बाईंच्या हातात आता काही नव्हतं.

"सगळं," ताई म्हणाल्या. "याचे स्वेटर धुतले, स्वतः पिळले. मैत्रिणीला चार पानी पत्र लिहिलं. नखं कापली. घरात एक पुस्तक होतं, पानं सुटलेलं, ते उसवून पुन्हा शिवलं. मग दुसरं काही सापडेना म्हणून तेच उसवलं आणि परत शिवलं. पडदे लावून. दिवसभर."

"तापात?"

"ताप होताच की. शंभरच्या वर."

बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. "अहो, काय म्हणावं तुम्हाला? आजारी माणसानं पडून राहावं, आराम करावा, एवढंही कळत नाही?"

ताईंनी दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेतला आणि सावकाश उठल्या.

"आरामाला तुम्ही आता तीन वर्षं दिलीच आहेत की," त्या म्हणाल्या.