शिमोनची कुजबुज

आमचा शिमोन कानात काही सांगायला लागला की ते पर्वत पाटियाच्या चौकातल्या रिक्षावाल्यालाही कळतं. जन्म गेला त्याचा कापडाच्या मागांच्या खडखडाटात. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. ती सवय त्यानं घरी आणली, चर्चमध्ये आणली, अन् शेवटी माझ्या उरावर आणून बसवली.

कारखान्याची वीज बंद असते त्या दिवशी आम्हा ख्रिस्ती पुरुषांची प्रार्थना. कुणी खानदेशातलं, कुणी जालन्याकडलं, सगळे मागावरचेच. परमुलखात एकमेकांना धरून राहावं, विश्वास ढिला पडू नये, बाटलीच्या नादी लागू नये, एवढंच. चांगली गोष्ट आहे. पण शिमोनच्या हाती दिली की चांगल्या गोष्टीचाही ताप होतो.

कुणी आलं नाही की हा ओरडतो, "तार तुटली! गाठ मारा!" मागावर धागा तुटल्यावर ओरडतात तसं. मग सगळी मंडळी उठून त्या माणसाच्या घरी. गीतं तिथं, प्रार्थना तिथं, चहाही त्याचाच.

माझी मार्था गेली अन् मी जाणं सोडलं. तर वरात माझ्याच दारात! एकदा तापाचं सोंग घेऊन गोधडीत पडलो. सगळ्यांनी अंगावर हात ठेवून प्रार्थना केली. एवढ्या हातांखाली खराच घाम फुटला.

"पाहा, उतरला ताप!" शिमोन म्हणाला. "उठा दादा, चहा ठेवा."

चहा प्याला, घरभर नजर फिरवली, अन् माझा हात धरून प्रार्थनेला लागला. हळू आवाजात, त्याच्या मते. "हे प्रभू, याकोबदादाच्या चहात साखरेच्या जागी मीठ पडतंय. मार्थावहिनीचं लुगडं उशाला घेऊन झोपतोय तो. त्याला सांभाळ!"

दुसऱ्या दिवशी शेजारची कांताबेन ताट घेऊन हजर. "काका, चा हवे मारे घेर," म्हणाली, म्हणजे यापुढं चहा तिच्या घरी, अन् डोळे थेट माझ्या उशीवर.

मी तणतणत शिमोनचं घर गाठलं. "अरे, देवाला सांगतोस की गल्लीला?"

तो नुसता हसला. माझा हात धरून बसला. प्रार्थनेतही असाच धरतो, बोटं मोडायची वेळ येते.

"सोड की!"

त्याची सून पाण्याला निघाली होती. ती म्हणाली, "काका, त्यांना काही ऐकू येत नाही आता. ओरडून ओरडून आम्ही थकलो. बोलतच नाही कुणी."

ती गेली. शिमोन माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "दादा, प्रार्थनेत कोण काय मागतं ते मला कळत नाही. हात कळतो. कुणाचा थरथरतो, कुणाचा घामेजतो. तुमचा गप्प असतो. वहिनी गेल्यापासून गप्प आहे."

खरं होतं. मी नुसते ओठ हलवत होतो. माझं देवाशी भांडण होतं, अन् ते चार माणसांत बोलता येत नव्हतं.

मग म्हटलं, याला कुठं ऐकू येतंय? बसलो, अन् बोललो. तिला का नेलंस, मला का ठेवलंस. वाईटसाईटही बोललो. शिमोन डोळे मिटून हात धरून होता.

मी थांबलो, हात सैल पडला, तर त्यानं बरोबर तिथंच "आमेन" म्हटलं.

चौकातल्या रिक्षावाल्यानंही ऐकलं असेल.