सहाव्या फ्रेममधले पाहुणे

आमच्या गावात कृष्णधवल फिल्म घरी धुतली, की तिच्यावर टिपलेली माणसं धुणं संपेपर्यंत घरी येऊन थांबतात. टाकीत चित्र उमटवणारा डेव्हलपर ओतला की येतात आणि हायपो ओतला की जातात. हायपोनं चित्र फिल्मवर पक्कं होतं, मग त्यांना बाहेर राहायचं कारण उरत नाही. रोल एकदाच धुता येतो, त्यामुळे येऊन गेलेला पाहुणा पुन्हा येत नाही.

येतात ती निगेटिव्हसारखी येतात, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होऊन. मुलांना पहिल्यांदा भीती वाटते, मग सवय होते. आमच्या शेजारच्या ढवळीकरांनी एकदा भावाच्या लग्नातला ग्रुप फोटो धुवायला घेतला आणि त्यांच्या दोन खोल्यांत त्रेचाळीस वऱ्हाडी उभे राहिले. त्यांना चहा विचारायचा की नाही यावरून नवरा-बायकोत जे भांडण लागलं, ते अजून मिटलेलं नाही. तेव्हापासून समजूतदार माणसं डोंगर आणि देवळं तेवढी टिपतात.

नगरपरिषदेचे याबाबत नियम आहेत. पाहुणा जिवंत असेल तर कुणी काही विचारत नाही. मयत असेल तर आठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो आणि धुताना लिपिक हजर राहतो. कुणीतरी रोल टाकीत असताना वडिलांचा अंगठा मृत्युपत्रावर उठवून घेतला, तेव्हापासून हे सुरू झालं. पाहुणा जे बोलेल ते शब्दशः रजिस्टरात उतरवतात. मयताला तो मयत असल्याचं सांगायचं नाही. आणि पाणी वीस अंशांपेक्षा थंड चालत नाही, कारण डेव्हलपर थंड असला की काम सावकाश करतो. एका गृहस्थांनी बर्फाच्या घमेल्यात टाकी ठेवून बायकोला अख्खी दुपार अडकवून ठेवलं होतं. वीस अंशांना माझ्या फिल्मला अकरा मिनिटं लागतात.

माझी बायको कुमुद तेहतीस वर्षांपूर्वी तापानं गेली. ती सत्तावीस वर्षांची होती आणि आमची मुलगी शाल्मली चार महिन्यांची. त्याच्या तीन आठवडे आधी मी माझ्या भात्याच्या कॅमेऱ्यानं कुमुदचा दारात उभी असतानाचा फोटो काढला होता. आठ फोटोंच्या रोलवरचा तो सहावा. लगेच पाळण्यातल्या शाल्मलीचा काढला, तो सातवा. आठवा शिल्लक राहिला, आणि एक फोटो शिल्लक असताना रोल धुवायचा नाही ही आमच्या पिढीची शिस्त. तो आठवा मी कधीच काढला नाही. कुमुदचे बाकीचे फोटो ती असतानाच धुऊन झाले होते. यायची राहिलेली अशी ही एवढीच कुमुद होती.

शाल्मली दहा वर्षांची असताना म्हणाली, बाबा, आईचा रोल धुवा. मी म्हटलं, जरा मोठी हो, म्हणजे लक्षात राहील. अठराव्या वर्षी पुन्हा म्हणाली, तर मी तिची परीक्षा पुढं केली. नोकरी लागली तेव्हा म्हणाली, तर उन्हाळा पुढं केला, पाणी गरम येतं म्हणून. आज करू, उद्या करू करत मी तेहतीस वर्षं काढली. खरी गोष्ट अशी, की रोल कपाटात होता तोवर कुमुद यायची होती. धुतला असता तर ती येऊन गेली असती, आणि ते मला सोसलं नसतं.

या वर्षी शाल्मली रजा काढूनच आली.

“बाबा, जुन्या फिल्मवरचं चित्र आपोआप उडत जातं,” ती म्हणाली. “अजून थांबलात तर आईच्या जागी धुकं येईल. मग त्या धुक्याला चहा विचारत बसा.”

“तुला तिला विचारायचंय काय?”

“काहीच नाही. तिनं मला एकदा हाक मारावी. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांच्या आया मारायच्या, संध्याकाळी, गॅलरीतून. मी कधी ऐकली नाही.”

“ऐकली आहेस. चार महिने ऐकलीस.”

“आठवत नाही ना, मग नाहीच ऐकली.”

मी अर्ज दिला. अर्जात वेळेची वाटणी लिहावी लागते. पहिली दहा मिनिटं मुलीची आणि शेवटचं एक माझं, असं आम्ही लिहिलं. कुमुदला ताप आल्यावर पहिले दोन दिवस मी साधा ताप म्हणून घरीच घालवले होते. त्याची माफी मागायची तर कुमुदला ती गेल्याचं सांगावं लागलं असतं, आणि ते नियमात बसत नव्हतं. म्हणून मी नुसता तिच्याकडे बघत बसणार होतो.

बुधवारी अकराला नगरपरिषदेचे लिपिक मुळीक आले. चपला बाहेर काढून त्यांनी थर्मामीटर मागितला, पाणी तपासलं, वीस लिहिलं.

“रोलवर माणसं किती?”

“दोन. सहाव्या फ्रेममध्ये बायको, सातव्यात ही, तान्ही असताना. पहिल्या पाचांत नदीचा घाट आहे.”

“घाटावर कुणी नाही ना?”

“एक म्हैस आहे.”

“म्हशीचा रकाना नाही,” मुळीक म्हणाले आणि खुर्ची बाथरूमच्या दाराशी ओढून बसले.

शाल्मलीनं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दुपटं अंथरून ठेवलं होतं, स्वतःसाठीच. मी बाथरूममध्ये स्टुलावर बसलो. काळ्या पिशवीत हात घालून रोल टाकीत भरला, झाकण लावलं आणि डेव्हलपर ओतला. पहिलं अर्धं मिनिट टाकी सतत हलवायची असते, मग दर मिनिटाला दहा सेकंद. मी हलवायला लागलो तशी अंगणात म्हैस येऊन उभी राहिली. ती पांढरीशुभ्र होती.

मग कुमुद दारात आली. तिचे केस सगळे पांढरे होते, कुंकू पांढरं, चेहरा काळवंडलेला. सत्तावीस वर्षांची कुमुद मला तिच्या आजच्या वयात दिसली, आणि मला रडू फुटलं. टाकी हलवताना डोळे पुसता येत नाहीत.

ती पुरती आली नव्हती. तिच्यातून पलीकडचं दार दिसत होतं. आणि तिच्या पोटाशी, आत, आडवं एक तान्हं मूल होतं, तेही तसंच विरळ, गालावर पांढरी तीट लावलेलं. दुपटं रिकामंच राहिलं.

मला माझी चूक कळली. माझ्या कॅमेऱ्यात फिल्म हातानं पुढं सरकवावी लागते. नाही सरकवली तरी कॅमेरा अडवत नाही, दुसरा फोटो मुकाट पहिल्यावरच घेतो. त्या दिवशी कुमुदचा फोटो काढला आणि शाल्मली रडायला लागली, म्हणून मी तसाच पाळण्याकडे धावलो आणि तिचाही काढला. फिल्म सरकवायची किल्ली फिरवायची राहिली. सातवी फ्रेम कोरी होती. दोघी सहाव्यातच होत्या, एकीच्या अंगात दुसरी.

“दोघी एकाच जागी कशा?” मुळीकांनी विचारलं.

“माझ्या हातून झालं.”

“तसं लिहितो,” ते म्हणाले.

कुमुद आत आली आणि शाल्मलीला पाहून थबकली.

“बसा ना, ताई,” ती म्हणाली. “हे आत्ता इथंच होते. कॅमेरा हातात आला की यांना घरात कोण आलं, कोण गेलं, कळत नाही.” मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “काका, तुम्ही नळाचं काम करायला आलात का?”

“हो,” मी म्हणालो.

मी टाकी खाली ठेवली आणि बाळानं टाहो फोडला. फोटो काढला तेव्हा ते रडत होतं, त्यामुळे रडतच आलं होतं. कुमुद दचकली. दुपट्याकडे गेली, तिथं कुणी नव्हतं. रडणं तिच्याबरोबर फिरत होतं, कारण ते तिच्याच बरगड्यांच्या आत होतं. ती स्वैपाकघरात गेली, परत आली, खाटेखाली वाकून पाहिलं.

“आत्ता तर इथं ठेवली होती हो,” ती शाल्मलीला म्हणाली. “रडतेय ती, ऐकू येतंय ना तुम्हांला?”

“येतंय,” शाल्मली म्हणाली.

दुसरं मिनिट भरलं. मी टाकी उचलून दहा सेकंद हलवली आणि बाळ गप्प झालं. ठेवली, पुन्हा रडायला लागलं. तिसऱ्या मिनिटालाही तसंच झालं. पाळण्यातलं मूल ते, झोका मिळाला की शांत होणारच. मग मी टाकी ठेवलीच नाही, हलवत राहिलो.

“सतत हलवलं तर डेव्हलपर लवकर संपतो,” मुळीक म्हणाले. “तक्त्याप्रमाणे अकराची नऊ धरावी लागतील.”

“धरा.”

घर शांत झालं. कुमुद सतरंजीवर टेकली, पदरानं तोंड पुसलं. “झोपली वाटतं कुठंतरी,” ती म्हणाली. “तीन महिन्यांची पोर जाणार कुठं? मीच वेंधळी. तुम्ही कुणाकडे आलात, ताई?”

“तुमच्याकडेच. माझं नाव शाल्मली.”

“अगं बाई! आमचीही शाल्मलीच. सासूबाईंना नाही आवडलं. म्हणाल्या, झाडाचं नाव कशाला. मी हट्टच धरला.” ती हसली. तिचे दात काळे होते आणि हसणं आमच्या लग्नातलंच होतं. “तुम्हांला आवडतं का हो तुमचं नाव?”

“आवडतं.”

“मग हिलाही आवडेल.”

मुळीकांचं पेन चालू होतं. माझा खांदा भरून आला होता. शाल्मली तिच्याजवळ सरकली.

“एक मागू का? मला एकदा नावानं हाक माराल?”

कुमुदनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. “तुम्हांला? तुम्ही तर समोर बसलात, ताई. समोरच्या माणसाला हाक कोण मारतं?”

तिचं बरोबर होतं. सहा वर्षांनी मोठी मुलगी, तिच्या समोर सतरंजीवर आई. मग शाल्मली उठली आणि बाथरूमच्या दाराशी आली.

“बाबा, टाकी खाली ठेवा.”

“ती रडेल, शाले. दोघीही रडतील.”

“रडू देत. ठेवा.”

असं करायला नको होतं असं मला अजूनही वाटतं. आणखी एकदा तिला नाही म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. मी टाकी फरशीवर ठेवली. बाळ जिवाच्या आकांतानं रडायला लागलं आणि कुमुद ताडकन उठली. तोवर शाल्मली आतल्या खोलीत गेली होती. तिनं दार लोटून घेतलं होतं.

“शाल्मली!” कुमुदनं हाक मारली.

आतून शाल्मली म्हणाली, “ओ!”

कुमुद वळली. “शाल्मली? कुठंयस गं राणी?”

“ओ!”

तीन महिन्यांचं मूल ओ देत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असेल की नाही, मला माहीत नाही. कासावीस झालेली आई आवाजाच्या दिशेनं जाते, तशी ती गेली. आधी स्वैपाकघराच्या दाराशी, मग माझ्या पुढून. हात लांब केला असता तर तिच्या पदराला लागला असता. तिच्या आत बाळ रडत होतं आणि ती बाळाला शोधत होती. दर हाकेला आतून ओ येत होती. पहिली ओ लहान होती. पुढं पुढं ती मोठी होत गेली, गल्लीत खेळणाऱ्या मुली देतात तशी.

मुळीक दर वेळी तेच नाव लिहीत होते. खाली “वरीलप्रमाणे” अशी खूण करायला त्यांना कुणाची हरकत नव्हती, पण ते पूर्ण लिहीत होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

“शेवटचं मिनिट लागलं. हे तुमचं आहे, अर्जाप्रमाणे. मुलीला बाहेर बोलवू का?”

कुमुद माझ्याकडे पाठ करून आतल्या दारापुढं उभी होती. पांढरा अंबाडा मला दिसत होता. हाक मारली असती तर तिनं वळून पाहिलं असतं, नळवाल्या काकांकडे.

“राहू दे,” मी म्हणालो. “तिलाच द्या.”

“अर्जात बदल होतो.”

“सही करतो मागाहून.”

शेवटचं मिनिटही टाकी तशीच राहू दिली. मी डेव्हलपर ओतून टाकायला घेतला आणि हायपोची बाटली उघडली. त्याचा आंबूस वास सगळ्या घरात भरला. अंगणातल्या म्हशीनं मान वर केली.

“शाल्मली!”

“ओ!”

“अगं शाल्मली, कुठं—”

“ओ, इथं!”

मुळीकांनी बोट वर केलं. नियम म्हणजे नियम, आणि फिल्म वाट पाहत नाही. मी हायपो ओतला. कुमुदचा हात आतल्या दाराच्या कडीकडे गेला होता.

“शाल्म—”

रडणं थांबलं. दारापुढं कुणी नव्हतं. अंगणही रिकामं झालं.

आतून शाल्मलीनं त्या अर्ध्या हाकेलाही ओ दिली.

मुळीक पेन धरून थांबले होते. “शेवटची हाक अपुरी आहे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “रजिस्टरात कशी घेऊ?”

“पुरती घ्या,” मी म्हणालो आणि टाकी उचलून हलवायला लागलो. हायपोलाही हलवावं लागतं, पाच मिनिटं.